लेकीच्या घरचा घास

माझी लेक ज्या बेटावर नांदते ते बेट मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर. पाहिलं असं आपलं म्हणायचं. आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी गोल फिरवून पेन्सिलीचं टोक निळ्या रंगावर टेकवलं आणि म्हणाले, "हे बघा बाई, हे मॉरिशस." मला पेन्सिलीचं टोक तेवढं दिसलं, बेट काही दिसेना. मी म्हटलं, "मास्तर, जरा पेन्सिल उचला की." त्यांनी उचलली, तर तिथं माशी बसून गेल्यासारखा एक ठिपका. चहूकडं नुसतं पाणी. मी घरी येईस्तोवर एकच विचार करत होते, एवढ्याशा जागेत माझी पोरगी उभी कुठं राहत असेल?

तेव्हा मी सोलापुरात एकटी राहत होते. गिरणीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि पुढं पडवी. यजमान गिरणीत होते, ते लेक लहान असतानाच गेले. मग मी खानावळ काढली. मला दुसरं येत तरी काय होतं? शाळेत मी कधी गेले नाही. किराणा ज्या कागदात बांधून यायचा ते कागद सोडवून, सरळ करून, लेकीच्या बाराखडीशी ताडून बघत वाचायला शिकले. भाकरी मात्र कुणी शिकवावी लागली नाही. कॉलेजात शिकणारी परगावची पोरं जेवायला यायची. कुणी टेंभुर्णीचा, कुणी विजापूरकडचा, निम्मं कानडी बोलणारा. पडवीत पंगत बसायची आणि एकेकाची भूक अशी की तव्याला उसंत नाही.

त्यात एक दिवस एक उंच, सावळा मुलगा दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "माते, अन्न मिळेल काय?"

पंगतीतली पोरं घास सोडून हसायला लागली. मलाही पदर तोंडाला लावावा लागला. मागाहून कळलं की त्याचे पणजोबा कोकणातून ऊस तोडायला म्हणून त्या बेटावर गेलेले. घरात तिथली भाषा, मराठी फक्त देवापुढं. आरत्या, अभंग पोराला तोंडपाठ, पण आमटीत मीठ कमी आहे हे कसं सांगावं ते ठाऊक नाही. इकडं डॉक्टरकी शिकायला आला आणि बोलायचं तर देवाशी बोलतात तेवढंच येत होतं, म्हणून सगळ्यांशी देवाशी बोलल्यासारखं बोलायचा. पोरं मग रोज त्याला बघून म्हणायची, "आला बघा, माते, अन्न वाढा." तो रागवायचा नाही. वर्षभरात "काकू, आमटी लई भारी की," इथवर आला. त्याला शिकवलं कुणी? वाढायला माझी लेक असायची. मला वाटायचं पोरगी भाकरी वाढतीय. ती भाकरीबरोबर मराठी वाढत होती.

या लग्नाला मी हो कशी म्हटले, असं मला अजून लोक विचारतात. मुलगा चांगला होता म्हणून म्हटले. पाच वर्षं माझ्या हातचं जेवला, ताटात कधी एक घास टाकला नाही. एवढं बघितलं की माणूस कळतो. अंतर किती आहे ते मात्र मला कळलं नव्हतं. मला लांब म्हणजे पुणे. गल्लीत विचारायचे, "कोणाचा गं पोरगा? कूळ काय, जात काय?" मी म्हणायची, पणज्याच्या वेळी बोटीत बसले तेव्हा काय होते ते आता तेही विसरलेत, मी कुठून सांगू?

लग्न करून ती गेली आणि पुढं दुष्काळ पडला. त्या साली ज्वारीचं काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे, खानावळ चालवायची तर रोजची मारामार. त्यात गुडघे बोलायला लागले. मग एक दिवस पाट धुऊन भिंतीला उभे केले, ते तसेच राहिले.

बंद केली म्हणजे सुटले असं वाटलं होतं. पण गिरणीचा भोंगा झाला की हात आपला परातीकडं जायचा. पीठ घ्यायचे, पाणी घ्यायचे आणि मग आठवायचं, कुणासाठी? एक भाकरी करायची. एका भाकरीपुरता तवा तापवायचा म्हणजे जळण फार आणि भाकरी थोडी. आणि बायकांना सांगायला नको, पहिली भाकरी कधी नीट होत नाही. तवा अंदाजाला येईस्तोवर ती बिघडायचीच, पहिली बाजूला टाकून दुसरीपासून चांगल्या होतात. मला रोज ती पहिलीच खावी लागायची. चुलीपुढं बसून, भिंतीकडं तोंड करून, ताटसुद्धा घ्यायची नाही, हातावरच. शेजारी मागाची खटखट दिवसभर चालायची तेवढीच सोबत. माग बंद पडला की घर एकदम मोठं व्हायचं.

अशात लेकीचं पत्र आलं. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. तिनं लिहिलं होतं, आई, आता तू ये. तिकीट हे पाठवतील. पावसाळ्याचे चार महिने राहा, इथं तेव्हा थंडी असते.

पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं. ही माझी शेजारीण तेलुगु. तिच्याकडं चादरीचे माग, तिनं आणि मी वीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काढली. मला अक्का म्हणायची. तिचं मराठी म्हणजे बाई पुरुष सगळे एकाच पंगतीला.

"अक्का," ती म्हणाली, "तिथं आमचे लोक आहे काय?"

"आहेत की. लेक लिहिते, तेलुगु आहेत, तमिळ आहेत, मुसलमान आहेत, चिनी आहेत. तिच्या घरासमोर चिनी माणसाचं किराणा दुकान आहे."

"चिनी माणूस किराणा विकतो? मग डाळ काय काडीनं मोजतो?"

तर अशी आमची तयारी सुरू झाली. दुपारी ती सुताच्या बॉबिन भरायला माझ्या पडवीत येऊन बसायची आणि आम्ही दोघी त्या बेटावर हिंडायचो. लेकीच्या जुन्या पत्रांतून काय काय आठवून मी सांगायची. गल्लीच्या एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला चर्च. तमिळ लोकांचा सण असतो, त्यात निखाऱ्यांवरून चालतात. ईदला शेजारून बिर्याणी येते, दिवाळीला हिच्याकडून सगळ्यांकडं करंज्या जातात, चिन्याकडंही. आणि सगळे एकमेकांशी एकच भाषा बोलतात, ती ना याची ना त्याची. भेटलं की विचारतात, "की मान्येर?" म्हणजे कसं काय.

"बघ," शेजारीण म्हणाली, "सोलापूरची 'की' तिथं पण पोचली. आपण नुसते शेवटी लावतो, ते आधी लावतात."

आम्ही मग उठता बसता एकमेकींना की मान्येर करायचो. तिचा नवरा म्हणायचा, बायका बिघडल्या.

जावयाच्या एका जुन्या सोबत्यानं पासपोर्टाचं सगळं करून दिलं. सही करायला मला वेळ लागला, पण अंगठा नाही लावला, सही केली. नवीन दोन नऊवारी घेतल्या. तिथली थंडी नावाचीच, समुद्राचा दमट वारा, सुती घ्या असं तो सोबती म्हणाला, सुतीच घेतल्या. त्या दिवसांत मी ताटात जेवायला लागले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग वन्सं आल्या. माझ्या यजमानांच्या मोठ्या बहीण, मंद्रूपला दिलेल्या. दवाखान्याचं काही असलं की सोलापूरला यायच्या आणि माझ्याकडं उतरायच्या. घरात शिरल्या, पाणी प्यायल्या, साड्या हातात घेऊन पोत बघितला आणि विचारलं, "लेकीला दिवस हायत का काय?"

"नाही."

"मग जातीस कशाला?"

"भेटायला."

"भेटायला जा की. पर खाशील काय तितं?"

मी साड्यांची घडी घालायला घेतली. त्या म्हणाल्या, "लेकीला पोर झाल्याबिगर तिच्या घरचं अन्न आईबापानं खायचं न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय? का गोल पृथिवी बघून इसरलीस?"

ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडं सगळीकडं हीच रीत. पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही रीत ज्या माणसांनी काढली त्यांच्या लेकी बैलगाडीच्या अंतरावर. सकाळी निघावं, फडक्यात दशम्या बांधून घ्याव्यात, लेकीचं तोंड बघावं, शेजारच्या विहिरीचं पाणी प्यावं आणि दिवस मावळायच्या आत परत. समुद्रापलीकडं चार महिने जाऊन राहायचं आणि खायचं नाही, याचा विचार कुणी केलेला नव्हता.

तरी मी ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही, याला कारण होतं. लेकीला एकदा दिवस गेले होते आणि राहिले नव्हते. तिनं पत्रात एकाच ओळीत कळवलं होतं, पुढं लगेच हवापाणी. त्यानंतर काही नाही. लग्नाला तर बरीच वर्षं झालेली. मी फार देवदेव करणारी बाई नाही, पण एकुलत्या एक पोरीच्या बाबतीत माणूस शहाणं राहत नाही हो. वाटायचं, आपण तिथं जाऊन घास खाल्ला आणि तिची कूस तशीच राहिली तर? लोक काय म्हणतील ते राहू दे. मीच मला काय म्हणेन?

शेजारणीनं ऐकलं आणि बॉबिन खाली ठेवली. "अक्का, पाच वर्षं तो पोरगा तुझं खाल्ला. आता तू त्याचं खायचं नाही? हे कसला हिशोब?"

"हिशोब नाही, रीत आहे."

"मग गिरणीवाल्यासारखं कर. डबा घेऊन जा."

ती थट्टेनं म्हणाली, पण मला मार्ग सापडला. कडक भाकरी. आमच्या भागात हे आपलं पूर्वीपासून. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि मग विस्तवाच्या धगीला उभी करून इतकी वाळवायची की पापडासारखी मोडली पाहिजे. महिनोन् महिने टिकते. सोबत शेंगाचटणी असली की झालं. चार महिन्यांचं माझं मी घेऊन जाईन. तिच्या चुलीला हात लावणार नाही, तिच्या ताटाला नाही. लेक पण भेटेल, रीत पण राहील.

आम्ही दोघी भिडलो. ती थापायची, मी भाजायची. कित्येक दिवसांनी माझ्या घरात पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी भाकरी झाली. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घासून, उन्हात तापवून घेतले आणि त्यात रचत गेलो. शेजारणीचा नवरा डोकावून म्हणाला, "विमान उडेल काय?"

"न उडायला काय झालं?" ती म्हणाली. "तुझे चादरीपेक्षा हलके आहे."

जावयानं कळवलं होतं की अमुक दिवशी तिकडून फोन लावतो. गल्लीच्या तोंडाला सुताचे व्यापारी होते, फोन त्यांच्याकडं. मी सकाळपासून त्यांच्या पेढीवर जाऊन बसले. दुपारी घंटा वाजली. आधी मुंबईच्या एक्स्चेंजातली बाई बोलली, मग नुसती घरघर, आणि मग त्या घरघरीच्या तळातून माझी पोरगी म्हणाली, "आई."

किती वर्षांनी आवाज ऐकत होते. मला रडायला यायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. साड्या घेतल्या, पासपोर्ट झाला, आणि माझ्या खाण्याची तू काळजी करू नको, चार महिन्यांच्या भाकरी केल्यात, डबे भरलेत.

"भाकरी कशाला? इथं काय उपाशी ठेवणार आहे मी तुला?"

"तसं नाही गं. तुला मूल झाल्याशिवाय मला तुझ्या घरचं चालत नाही, ठाऊक आहे ना."

घरघर ऐकू येत राहिली. मला वाटलं फोन तुटला. मी म्हटलं, "ऐकतीस ना?"

"आई, इथं हे कुणाला ठाऊक नाही," ती म्हणाली. अगदी हळू. "सासूबाईंना नाही, कुणालाच नाही. पणजोबांबरोबर जे आलं नाही ते आलं नाही. इथं मला कुणी काही विचारत नाही गं. तू येऊन वेगळं बसलीस की सगळे विचारतील का बसली. मग मला सांगावं लागेल. मग त्यांना कळेल की असं पण असतं."

व्यापारी वहीत मान घालून बसले होते, पण पेढीवरचं कुणी हलत नव्हतं.

"तुला तसंच यायचं असेल तर नको येऊस, आई," ती म्हणाली, आणि मग खरंच फोन तुटला.

घरी आले. डबे पडवीत एकावर एक ठेवलेले. त्यांना टेकून बसले. शेजारीण भिंतीपलीकडून हाक मारून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी ओ दिली नाही. मागाची खटखट जरा थांबली, मग पुन्हा चालू झाली. तिला समजलं असावं.

पुढचे काही दिवस मी फार वाईट काढले. जायचं तर दोन वाटा, आणि दोन्हींवर लेकच उभी. न खावं तर तिची मान खाली जाणार. खावं तर मी रोज घासागणिक भिणार. न जावं म्हटलं तर सगळंच सोपं, गुडघ्याचं निमित्त तयार होतं. कार्ड घेऊन लिहायलाही बसले. 'माझे गुडघे' एवढं लिहिलं आणि मला एकदम सासरे आठवले.

आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मी नवी सून असताना एकदा त्यांच्याबरोबर मंद्रूपला गेले होते, आठवड्याच्या बाजारादिवशी, वन्संना भेटायला. वन्संना मूल नव्हतं. पुढंही झालं नाही. तात्या त्यांच्या ओट्यावर बसले, धोतराच्या सोग्यानं घाम पुसला, फडकं सोडून दशमी काढली आणि खाल्ली. पाणी शेजारच्या घरनं मागवलं. वन्सं उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. हातात भरलेला तांब्या. पुढं करत नव्हत्या आणि खालीही ठेवत नव्हत्या. तात्या फार प्रेमळ माणूस, लेकीशी हसून बोलत होते, गाईचं विचारत होते. ते खाऊन उठेस्तोवर वन्सं तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या. रस्त्यानं जाणारी येणारी माणसं बघत जात होती. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. रीत म्हणजे रीत.

कार्ड तसंच ठेवलं आणि उठून तार ऑफिसात गेले.

खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "काय लिहायचं?"

"लिहा, येते. जेवते."

"जेवते?"

"हो."

"बाई, परदेशाची तार आहे, शब्दावर आकार पडतो. जेवते कशाला? विमानात देतात की जेवायला."

"विमानातलं नाही हो. तिथलं."

"मग ते तिथं गेल्यावर सांगा."

"तिथं गेल्यावर सांगून उपयोग नाही. आत्ताच कळलं पाहिजे."

मागं रांगेतला एक जण म्हणाला, "मावशी, भाजी कुटली पायजे ते बी लिवा की, म्हंजे करून ठिवतील."

बाबूनं डोकं खाजवलं आणि इंग्रजी अक्षरांत माझे दोन शब्द लिहिले. मला वाचून दाखवले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले तेव्हा मला कळलं की मी ठरवलंय.

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात मी मनानं कितींदा गेले आणि कितींदा परत आले. शेवटी पत्र आलं. विमान कधी, कुणाला भेटायचं, सामान किती चालेल. खाली लिहिलं होतं, येताना शेंगाचटणी आण, ह्यांना फार आठवते. जेवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी पत्र उलटंपालटं करून बघितलं, पाकिटाच्या आतसुद्धा बघितलं.

भाकरी निम्म्या शेजारणीच्या मुलांनी संपवल्या. थोड्या मी जावयासाठी म्हणून ठेवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या. मंद्रूपच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. आम्ही पडवीत बसून फोडायला घेतल्या. मी मान वर न करता सांगून टाकलं, "वन्सं, मी तिथं जेवणार आहे."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पोर न्हाई अजून."

"नाही."

"मंग?"

"मग काय. ती सगळ्यांच्या देखत तांब्या धरून उभी राहील. मला ते बघवायचं नाही."

तांब्या हा शब्द माझ्या तोंडून निघून गेला. वन्सं टरफलं गोळा करून एका बाजूला सारत राहिल्या. मला वाटलं आता त्या उठून जातील.

मग म्हणाल्या, "तात्या यायचं असलं की मी दोन भाज्या करायची. दर बारीला. म्हनायची, आज जेवतील."

"मग त्या भाज्यांचं काय करायचात?"

"काय करनार? गड्यास्नी वाढायची." त्यांनी शेंग फोडली, दाणे माझ्या सुपात टाकले. "गडी म्हनायचे, तात्या रोज येऊ देत की."

आम्ही दोघी हसलो. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

विमानाचं काय सांगू? डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा खाली निळं पाणी होतं आणि पाण्यात उसाचं हिरवं शेत बसवून ठेवल्यासारखं दिसत होतं. मास्तरांनी पेन्सिल उचलली होती तेव्हा दिसलं त्यापेक्षा मोठं होतं, एवढं खरं.

पुढं तिला मूल झालं का, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. नाही झालं. आता ती स्वतः म्हातारी व्हायला आली. आणि मला तो घास आठवत नाही असं नाही. सणासुदीला एकटी जेवायला बसले की आठवतो. कधी वाटतं, त्याचा काही संबंध नसणार. कधी वाटतं, कुणी सांगावं. हे मी कुणापाशी बोललेली नाही. वन्सं गेल्या तोपर्यंत त्यांनीही विचारलं नाही, मी जेवले का म्हणून.

पण पहिल्या दुपारचं सांगते. मोठं लाकडी टेबल, पंधरावीस माणसं. लेकीच्या सासूबाईंनी मला बघायला सगळी गल्ली बोलावलेली. समोरचा चिनी दुकानदार, त्याची बायको, मशिदीकडची एक म्हातारी, टोपी घातलेला कुणी चर्चचा माणूस. सगळे एकदम बोलत होते आणि मला एक शब्द कळत नव्हता. जावई कुणाला तरी सांगत होता, मी त्याची खानावळवाली म्हणून, ते कसं कळलं तर त्यानं हात जोडून "माते" म्हणून दाखवलं आणि सगळे हसले. माझ्यापुढं ताट आलं. भात, डाळ, कसली तरी पालेभाजी, टोमॅटोचं काही तरी. मला आयुष्यात कुणी असं बसवून वाढलं नव्हतं, मीच वाढत आलेली. हात ताटापर्यंत गेला आणि राहिला.

सासूबाई माझ्याकडं बघून, ताट माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "मांझे, मांझे."

मला ऐकू आलं, माझे, माझे. म्हटलं, ही बाई सांगतेय, हे अन्न माझं आहे. सगळं कळलंय हिला, रीत ठाऊक आहे हिला. मी हात मागं घेतला.

लेक माझ्या मागं उभी होती, भाताचं पातेलं घेऊन. ती वाकली आणि कानात म्हणाली, "आई, जेव म्हणतायत. इथं जेवायला मांझे म्हणतात."

तिचा आवाज कोरडा होता. मी वर बघितलं. तेवढ्या गर्दीत, तेवढ्या हसण्याबोलण्यात, त्या ताटापाशी काय चाललंय हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. तिनं पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं.

मी भातावर डाळ घेतली, कालवला आणि घास तोंडात घातला. मीठ कमी होतं का जास्त होतं ते मला सांगता यायचं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. भात संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

"अजून वाढू?" तिनं विचारलं.

"वाढ," मी म्हटलं.